येसूकाकीची पुढची सीट

येसूकाकी गाडीत मागे बसली होती, असं कुणी मला शपथेवर सांगितलं तरी माझा विश्वास बसणार नाही. एसटी असो, मिनिडोर रिक्षा असो, नाहीतर पोटच्या पोराची गाडी, तिला बसायचं असतं ते पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. एकदा पोयनाडच्या नाक्यावर मिनिडोरच्या पुढच्या सीटवर एक हवालदार बसलेला होता. काकीने मासळीची टोपली त्याच्या हातात दिली आणि त्याला मागे धाडलं. तो बापडा टोपली मांडीवर घेऊन मागे गेलाही. तिला विचारलं की म्हणते, "डोले उघरे ठेवून बसाया कुनीतरी पायजे पुरं. डायवरचा काय भरोसा?" आणि हे ती ड्रायव्हरच्या तोंडावर म्हणते.

मी विनेश. पोयनाडला गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान आहे. माझी जीभ तिखट आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. असेल बुवा. गाडीची वाट लावून वर मलाच अक्कल शिकवणाऱ्यांशी गोड बोलायला मला कधी जमलं नाही. पण येसूकाकीपुढे माझी सगळी मिजास उतरते. ती माझ्या आईची जोडीदारीण. दोघींनी एकाच मिठागरात डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. आईचे पाय पुढे जरा निवळले, काकीचे मात्र अजून तसेच आहेत, मिठाने खाल्लेले, भेगांनी फाटलेले. तळव्यात काटा मोडला तरी तिला पत्ता लागत नाही.

मिठागर तिच्या नवऱ्याचं, धर्माकाकाचं होतं. लहानसंच, धरमतरच्या खाडीला लागून. काकी एक खडा जिभेला लावायची आणि तो कुठल्या वाफ्यातला ते सांगायची. आम्ही पोरं तिची परीक्षा घ्यायचो, खडे अदलाबदल करायचो, पण ती कधी फसली नाही. मग एका वर्षी बांध फुटला. काकाने तो उभा केला, तर पुढच्या पावसात पुन्हा फुटला. आजूबाजूच्यांनी आपापल्या जागा विकल्या तेव्हा एकट्याने खाडीशी किती झुंजायचं म्हणून त्यानेही विकली. त्यानंतर तो फार जगला नाही.

शेवटच्या हंगामातलं मीठ काकीने एका रांजणात भरून पडवीत ठेवलं. त्या रांजणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझ्या आईने एकदा लोणच्यासाठी मूठभर मागितलं, जन्माच्या मैत्रिणीने, तर काकी सरळ नाही म्हणाली. दुकानातलं मीठ म्हणजे नुसती पांढरी माती, असं ती येताजाता बोलायची आणि कालवणात मात्र तीच पांढरी माती घालायची. हिला हे मीठ वर घेऊन जायचंय की काय, असं आम्ही हसून म्हणायचो.

तिला दोन मुलगे. थोरला मोरेश्वर टेम्पो चालवायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी, मिठागर अजून चालू होतं तेव्हा, वडखळच्या अलीकडे हायवेवर एक कंटेनर उलट्या बाजूने आला, आणि मोरेश्वर जागीच गेला. मी तेव्हा तिथे पोचलो होतो. जे पाहिलं ते लिहिणार नाही. त्या दिवशी घरी आलेल्या बायका ऊर बडवत होत्या आणि काकी भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतरही कुणी तिला रडताना पाहिलं नाही. मोरूचं नाव तिने टाकलंच. फोटोला हार घालायची, दिवा लावायची, पण नाव नाही. आणि तेव्हापासूनच तिला पुढची सीट लागायला लागली. बाईने दुःख असं गिळलं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

धाकटा निकेत. त्याला तिने कितीतरी वर्षं स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. तो मुकाट्याने कंपनीत कंत्राटावर जात राहिला. मग लग्न झालं, हेमाली घरात आली, आणि तिने सासूला हळूहळू वळवलं. निकेतने एक जुनी पण चांगली गाडी घेतली, पांढरी, आपोआप गिअर बदलणारी. मांडव्याच्या जेट्टीवर उतरणाऱ्या मुंबईकरांना तो काशीद-मुरूडला न्यायचा, कधी पार दिवेआगरपर्यंत.

गाडी दारात आली त्या दिवशी मी तिथेच होतो. काकीने रांजणाचं झाकण काढलं. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. मूठभर मीठ घेऊन तिने गाडीवरून ओवाळलं, चारही चाकांवरून हात फिरवला. ओवाळलेलं मीठ आमच्याकडे खाडीत सोडतात. तिची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि आम्ही पेढे खायला वळलो. पुढे त्या मुठीचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

गाडी पहिल्यांदा बिघडली ती कार्लेखिंडीत. निकेत आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अलिबागला नेत होता. चढावर वेगाचा काटा एकदम शून्यावर पडला, गाडीने गचका दिला, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रखडली. मागे खडीचा डंपर होता. निकेतने कशीबशी गाडी कडेला घातली. तो म्हणाला, "विनेशदादा, आये खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली. उठाया तयार नव्हती. मी तिला अशी कदी बघितली नाय."

मी गाडीला स्कॅनर लावला. गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा किती वेगाने फिरतोय ते मोजणारा एक सेन्सर असतो. बोटाएवढी वस्तू. त्याच्या सांगण्यावरून गाडीचा कॉम्प्युटर गिअर बदलतो. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटरला गाडीचा वेगच कळत नाही, मग तो घाबरून एक गिअर धरून बसतो. त्या सेन्सरच्या लाइनमध्ये बिघाड, असं स्कॅनरने दाखवलं. मी सेन्सर बदलला, एकट्याने गाडी खिंडीपर्यंत पळवून आणली, लोण्यासारखी चालली. मी निकेतच्या पाठीवर थाप मारली. "जा, आता हिच्याकडे बघायला नको," असं छातीठोकपणे सांगितलं.

आठवडा गेला नसेल, निकेत परत दारात. शेजारी पर्यटक बसलेला असताना, भर रहदारीत, पुन्हा तोच प्रकार. "ठोकता ठोकता राहिली, दादा," एवढंच तो म्हणाला आणि खाली मान घालून बसला. मला तोंड लपवायला जागा सापडेना. मी वायर टोकापासून टोकापर्यंत मीटरने तपासली. मीटर बीप द्यायचा, म्हणजे वायर शाबूत. सेन्सर नवा. मग बिघडतंय काय?

"चल, मी शेजारी बसतो," मी म्हणालो. स्कॅनर मांडीवर घेतला, निकेत चालवायला. पोयनाड सोडल्यावर पडद्यावरची रेघ थोडी थरथरली, पण मी म्हटलं रस्ता खराब आहे. खिंडीच्या चढाला लागलो आणि ती रेघ एकदम कोसळली. शून्य. गाडीला असा हिसका बसला की माझं कपाळ समोर आपटलं. मागून हॉर्न. आरशात एका ट्रकचं तोंडच तेवढं दिसत होतं, बाकी काही नाही. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करतोय, पण बिघडलेल्या गाडीत बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ट्रकवाला शिव्या देत बाजूने निघून गेला.

घरी हे कळलं तेव्हा काकीने गाडीची चावी निकेतच्या हातातून काढून कमरेला खोचली.

"गारी बरी झाली तं ठीक, नाय तं इका," ती मला म्हणाली. "मना एक पोर गेला तो बस झाला."

इतक्या वर्षांत मोरूचा उल्लेख मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. निकेतचा धंदा बंद, हेमालीचे दिवस भरत आलेले, दवाखाना अलिबागला, आणि मध्ये ती खिंड. गाडी विकून टाकायची तरी ती दुसऱ्या कुणाच्या पोराच्या गळ्यात घालायची. हे मला जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी हत्यारं घेऊन मी त्यांच्या अंगणात गेलो. गणपती नुकतेच गेले होते आणि हवा ओलीकिच्च होती. काकीने चावी दिली, पण मला बजावलं, "अंगनाच्या भायेर न्यावाची नाय." आणि मागच्या दारी मासळी साफ करायला निघून गेली.

आम्ही पुढची चाकं वर उचलून खाली ओंडके नीट बसवले. निकेतला स्टिअरिंगवर बसवून गाडी गिअरमध्ये टाकली. चाकं हवेत फिरायला लागली आणि स्कॅनरवर आकडा चढला. एकदम झकास. मी बॉनेटखाली वाकून सेन्सरची वायर हलवली, ओढली, पिळली. आकडा ढिम्म. इंजिनाकडून आत जाते तिथे हलवली. तरी नाही. हेमाली उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, गारी पन मानूस बघून बिगरतं वाटतं." मी म्हटलं, "हो, माझ्यासमोर शहाण्यासारखं वागायचं तिने ठरवलंय."

या गाडीत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर शेजारच्या सीटखाली असतो. तिथलं टोक तपासायचं म्हणून मी डावं दार उघडलं, आत शिरलो आणि पाय ठेवायच्या जागी गुडघा टेकला.

"गेला!" निकेत ओरडला. "दादा, शून्य!"

मी दचकून मागे झालो. आकडा परत आला. पुन्हा गुडघा टेकला, शून्य. उचलला, आला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिल्यांदा बिघडली तेव्हा पुढे काकी बसली होती. मग पर्यटक. मग मी. आणि एकट्याने फिरवून आणली तेव्हा ही सीट रिकामी होती! चढावर शेजारच्याने पाय रोवून गालिचा दाबला की खालची वायर मान टाकत होती. दुकानात मीटर लावला तेव्हा आत कुणी बसलेलंच नव्हतं, मग मीटर बिचारा बीप न देऊन करतो काय.

मी गालिच्यावर हात ठेवला. ओला. नुसता दमट नाही, दाबल्यावर बोटांमधून पाणी वर आलं. एसीचं पाणी असेल म्हणून मी बोट नाकाशी नेलं. वास वेगळा होता. सवयीने बोट जिभेला लावलं, मिठागरातल्या पोराची सवय, आणि मी थबकलो. खारट. नुसतं खारट नाही, तोंड वाकडं होईल इतकं जहाल.

माझं डोकंच फिरलं. "निक्या, खरं सांग. काशीदला गाडी पाण्यात घातलीस ना? त्या मुंबईकरांच्या फोटोसाठी?"

"नाय दादा."

"खोटं बोलू नकोस! समुद्राचं पाणी आत शिरल्याशिवाय हे होत नाही. तुझ्या आईचा जीव टांगणीला लावलास, माझी इज्जत घालवलीस, आणि वर नाही म्हणतोस?"

निकेतचा चेहरा लाल झाला. "पोटातल्या पोराची आन घेऊन सांगतो, वाळूवर चाक पन घातला नाय मी." हेमालीने सूप खाली ठेवलं. असली शपथ कुणी उगाच घेत नाही. मी पान्हा उचलला, पण मनातून मला पटलं नव्हतं.

सीटचे बोल्ट काढले, सीट बाहेर घेतली, गालिचा उचलला. वायरींचा जोड तिथेच होता. आतल्या पिनांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज, एक पिन तर नावाला उरलेली. आणि जोडाच्या मागे, गाडीच्या पत्र्यावर, ओळीने पुरचुंड्या ठेवलेल्या. कापडाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. कितीतरी. काही दगडासारख्या घट्ट, काहींमधून अजून पाणी पाझरत होतं.

मी हात मागे घेतला. निकेत वाकून बघायला आला आणि एकदम दोन पावलं मागे सरला.

"करनी," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "दादा, कुनीतरी करनी केली आपल्यावर."

हेमालीने दोन्ही हात पोटावर घेतले. निकेत बडबडायला लागला, जागा विकली तेव्हा भांडलेल्या चुलत्याचं नाव घ्यायला लागला, त्याच्या घरावर मारायला दगड शोधायला लागला. असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलोय. पण मोकळं सांगतो, त्या वेळी मला हसू आलं नाही. माणसाच्या पायाखाली लपवून ठेवलेल्या त्या पुरचुंड्यांना बोट लावायची माझी हिंमत होईना. हे करणाऱ्याला निकेत मरायलाच हवा होता का?

शेवटी मी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एक पुरचुंडी बाहेर ओढली. दोरा कुजला होता, लगेच सुटला. आत मीठ. जाडं, खड्यांचं, करडं मीठ. कापड निळ्या चौकडीचं.

निकेतने ते कापड उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. मग मटकन खाली बसला.

"हा दादाचा शर्ट हाय," तो म्हणाला. "मोरूदादाचा."

मोरूचे कपडे त्या घरात कुणाच्या पेटीत आहेत ते सगळ्यांना माहीत होतं. आणि ते जाडं मीठ अख्ख्या गावात एकाच रांजणात उरलं होतं.

तेवढ्यात काकी मागच्या दारातून आली, हात मासळीचे. अंगणात सीट काढलेली, पुरचुंडी सुटलेली, मीठ सांडलेलं तिने पाहिलं. माझ्यावर जी धावून आली!

"कुनी काढली ती? कुनी हात लावला? मेल्या विनेश, तुना गारी बघाया बोलावला व्हता का माजा मीठ सांडाया?" आणि खाली बसून एकेक खडा पदरात गोळा करायला लागली.

"आये, ह्या तू ठेवल्यास?" निकेतने विचारलं.

"मंग कोन ठेवील? दर आवसेला ओवालतंय तुज्यावरनं. तू निजलेला असतंस. मंग गारीत बसून ठेवतंय."

"पण काकी, ओवाळलेलं मीठ खाडीत सोडतात ना?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मूर्खच ठरलो. "आपल्या आगराचा मीठ हाय तो. पुन्हा व्हनार हाय का? तो काय फेकून देऊ? फेकला नाय म्हनून तं ठेवला त्याच्याजवल, त्याची राखन कराया."

निकेतने माझा दंड दाबला. त्याचा अर्थ मला कळला. सांगू नको. एसीचं पाणी होतं म्हण, काहीही म्हण. क्षणभर मलाही तेच बरं वाटलं. सत्तरीची बाई, एक पोर गमावलेली, आणि दुसऱ्याला वाचवायला जे ठेवलं त्यानेच त्याला डंपरपुढे उभं केलं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? पण खोटं बोललो असतो तर पुढच्या अवसेला ती पुन्हा मीठ ठेवणार. या सीटखाली नाही तर त्या सीटखाली. वायरी सगळीकडेच असतात.

मी तो जोड कापून हातात घेतला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. "काकी, ह्या बघ पिना. ह्यांच्यातून गाडीचा वेग कळतो. ओल्या हवेने मिठाला पाणी सुटलं. ते पाणी ह्यात उतरलं. तू पुढे बसलीस, पाय टेकलेस की हे सुटायचं, आणि गाडी चढावर अडायची."

बाकी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. माझी शिकलेली-सवरलेली गिऱ्हाइकं तासभर हुज्जत घालतात. काकीने ती हिरवी पिन नखाने खरवडली, ती तुटून तिच्या ओल्या तळहातावर पडली, आणि तिला सगळं कळलं. मिठागराच्या उघाडीचे, खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराचे, लोखंडी खिळे दर वर्षी कसे गळून पडायचे ते तिने जन्मभर पाहिलं होतं. स्वतःचे पाय रोज बघत होती.

पदर हातातून सुटला, गोळा केलेलं मीठ पुन्हा सांडलं.

"मंजे मीच," ती म्हणाली. "माज्या हातानं. दुसऱ्या पोराला पन."

हेमाली पाणी आणायला धावली. निकेत आईशेजारी बसला, "आये, काय झाला नाय मना, हे बघ, धडधाकट हाय," असं काहीबाही बोलत राहिला. ती कुणाकडेच बघत नव्हती. मला स्वतःचाच राग आला होता. सांगितलं ते बरोबर केलं की या बाईला मी आज जिवंतपणी मारलं, ते मला समजत नव्हतं. ती "दुसऱ्या पोराला पन" असं का म्हणाली, इकडे तर माझं लक्षही गेलं नाही.

मग तिने मान वर केली.

"विनेश, मंग मीठ राखीत नाय?"

मी म्हणालो, "नाही काकी. मीठ कुणाला राखत नाही."

"आसला तरी काय नाय, आन नसला तरी काय नाय?"

"नाही."

"मोरूला त्या दिशी मी ओवालला नव्हता," ती म्हणाली.

आईच्या पाठीवरून फिरणारा निकेतचा हात थांबला.

"रोज ओवालायची. तो गारीवर जायाला लागला तवापासून, रोज मूठभर. त्या दिशी वाफ्यावर पानी सोरला व्हता, मी बांधावर व्हते. तो हाक मारत व्हता, आये, येतंय गो, मी जातंय. मी बोलले, जा, माजे हात चिखलाचे हान. जा बोलले मी त्याला." ती थांबली. "मीठ दिला नाय म्हनून गेला माजा पोर. हाच माज्या उरात व्हता. तुमच्या काकाला पन बोलले नाय. कोनाला बोलू?"

ही बाई आमच्या डोळ्यांसमोर वावरत होती, भांडत होती, हवालदाराला उठवत होती, आणि इतकी वर्षं हे एकटीने वाहत होती. आम्ही तिच्या रांजणाला हसत होतो.

तिने माझं मनगट धरलं. मासळीचे, मिठाचे, खरखरीत हात. "तू गेला व्हतास तिकरं. तू बघितलास. मना खरा सांग. मीठ राखीत नाय ना, मंग माजा मोरू माज्यामुले नाय ना गेला?"

"नाही काकी," मी म्हणालो. "कंटेनर उलट्या बाजूने आला होता. मोरू त्याच्या बाजूनेच चालला होता. कुणाच्या हातात काही नव्हतं. तुझ्या तर नाहीच नाही."

मग ती रडली. मोरू गेला त्या दिवशी रडायला हवं होतं तसं रडली, मोठ्याने, त्याचं नाव घेऊन. शेजारच्या बायका कुंपणाशी आल्या. निकेतने त्यांना हाताने थांबवलं.

दुपारपर्यंत मी काम उरकलं. पत्रा गोड्या पाण्याने धुतला, गंजलेल्या वायरी मागपर्यंत कापल्या, नवा जोड लावून तो वर उचलून बांधला. गालिचा परत घातला, त्यावर गुडघे टेकले, उभा राहिलो, नाचलो म्हटलं तरी चालेल. आकडा हलला नाही. काकीने पुरचुंड्या गोळा केल्या आणि खाडीवर जाऊन सोडून आली. मोरूच्या शर्टाची कापडं मात्र धुऊन दोरीवर वाळत घातली. मी निघताना तिने रांजणातलं मीठ शेरभर कागदात बांधून माझ्या हातात ठेवलं. "आयेला दे. लोनच्याला मागत व्हती."

कमरेची चावी काढून तिने निकेतला दिली. "चला. खिंडीतनं जाऊन येऊ."

तिच्याकडून ही अपेक्षा मला नव्हती. मी मागे बसलो, स्कॅनर घेऊन. ती पुढे, तिच्या जागेवर, पाय गालिच्यावर रोवून. खिंडीचा चढ आला तसा मी श्वास धरून पडद्याकडे बघत होतो. रेघ सरळ चालली होती. काकी बोलत होती. मोरू लहानपणी मिठाच्या ढिगावरून कसा घसरायचा, बापाचा मार चुकवायला रांजणात कसा लपला होता, त्याला शिंपल्यांचं कालवण किती आवडायचं. निकेत मध्येच हसत होता, मध्येच डोळे पुसत होता. आम्ही खिंड चढून उतरलो, समोरून डंपर गेले, मागून हॉर्न वाजले. ती निकेतकडे वळून बोलतच होती. रस्त्याकडे तिचं लक्षच नव्हतं.